ढाल तिथवर जात नाही

मंजुश्री टाळेबंदीत पुण्याहून आपल्या गावी, धाडला, आली आणि मग राहूनच गेली. व्हिडिओ गेम बनवणारी लहानशी कंपनी होती तिची. तिच्या वरचा हर्षल म्हणाला, जिथं आहेस तिथूनच कर. मग तिने समोरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी टेबल मांडलं. खिडकीतून बुलडाण्याच्या जीपा भरताना दिसायच्या. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याशेजारी बाबासाहेबांची, आणि जरा खाली संघर्षचा शाळेच्या गणवेशातला फोटो.

संघर्ष तिचा मोठा भाऊ. ती अंगणवाडीत होती, तो तिसरीत, तेव्हा डोंगराखालच्या वावरात आग्यामोहोळ उठलं. आई दोघांना घेऊन शेंगा वेचायला गेली होती. मंजुश्रीला त्या दिवसातलं फार थोडं आठवायचं. आईच्या अंगाखालचा अंधार, तोंडात गेलेली माती, आणि वरून येणारा आवाज, पिठाच्या गिरणीसारखा. आई कितीतरी दिवस दवाखान्यात होती. घरी आली तेव्हा संघर्ष भिंतीवर होता.

बाबांनी, म्हणजे जानरावांनी, ते वावर बटाईने देऊन टाकलं. आई, बनाबाई, परत त्या वाटेला गेली नाही. त्या दिवसाबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलल्याचं मंजुश्रीला माहीत नव्हतं. भांडतसुद्धा नसत. जेवण झालं की बाबा ओट्यावर, आई आत.

कंपनीचा नवा गेम एका गोफणवालीचा होता. ती टेकडीवर उभी राहून चारी बाजूंनी येणाऱ्यांवर गोटे भिरकावते आणि दुसऱ्या हातातल्या ढालीने वार अडवते. खेळणाऱ्याचा हात हे सगळं कसं करील ते ठरवणं मंजुश्रीचं काम. माऊस जिकडे न्याल तिकडे नेम. डावं बटण दाबलं की गोटा सुटतो, उजवं दाबून धरलं की ढाल पुढे येते. ऐकायला सोपं होतं. पण नेम आणि ढाल दोन्ही एकाच माऊसमागे फिरत. एकीकडून येणाऱ्याला मारायचं आणि त्याच वेळी दुसरीकडून येणाऱ्याला अडवायचं, हे जमतच नव्हतं. लोक गडबडायचे, नेमाच्या नादात ढाल सोडून द्यायचे आणि मरायचे.

"समजावून सांगावं लागतंय म्हणजेच चुकलंय," हर्षल म्हणाला. "हाताला आपोआप कळलं पाहिजे. ज्याने जन्मात गेम खेळला नाही असं कोणीतरी बसव तिथं. त्याचा हात आधी कुठं जातो तेवढंच बघ."

चित्रं अजून तयार नव्हती. पडद्यावर नुसती करडी जमीन होती. मधोमध पांढरा गोल म्हणजे गोफणवाली. गोलाला चिकटलेली निळी कमान म्हणजे ढाल. कडेकडेने येणारे काळे ठिपके म्हणजे शत्रू. ठिपके लागत गेले की गोल फिका होत होत विझून जायचा. मंजुश्री महिनोन्महिने हेच बघत होती. तिला त्यात ठिपक्यांपलीकडे काही दिसत नसे.

आधी तिने शेजारच्या धम्मशीलाला बसवलं. धम्मशीला हसत हसत खेळली, दणादण गोटे मारले, ढालीला हात लावला नाही आणि लगेच मेली.

"दोन्ही कामं एकाच हातानं कशी करावी वो?" ती म्हणाली. "एक कोनतं तरी सांग."

बनाबाई दारात गहू पाखडत बसली होती. मंजुश्रीने तिलाही हाक मारली. "आई, ये ना. पाचच मिनिटं."

"मले काय येते त्यातलं."

"येत नाही म्हनूनच ये."

बनाबाई हात पदराला पुसून खुर्चीत बसली. माऊसवर तिने तळहात ठेवला, चुलीवरचं भांडं तापलं का बघतात तसा. मंजुश्रीने दोन्ही बटणं दाखवली आणि मागे सरकून उभी राहिली. काही बोलायचं नाही, नुसतं बघायचं, असा या चाचणीचा नियम होता.

ठिपके निघाले. बनाबाईने आधी उजवं बटण दाबलं. ढाल आली. पहिले काही ठिपके तिने बरोबर अडवले, धम्मशीलापेक्षा कितीतरी चांगले. मंजुश्रीला आनंद झाला. मग बनाबाईचा हात मधेच थबकला. तिने माऊस डावीकडे खाली नेला, पार कोपऱ्याकडे, आणि तिथंच धरून ठेवला. ढाल कोपऱ्याकडे तोंड करून राहिली. उजवीकडून, वरून ठिपके येत राहिले, गोलाला लागत राहिले. गोल विझला.

"पुन्हा?" मंजुश्रीने विचारलं.

बनाबाईने मान हलवली. पुन्हा तसंच झालं. सुरुवातीचे ठिपके अडवले, मग हात डावीकडे खाली, आणि मरेपर्यंत तिथंच.

"आवाज कमी कर वो जरा," बनाबाई म्हणाली.

"आई, याले आवाजच नाही अजून."

बनाबाईने तिच्याकडे बघितलं. मग उठली आणि सुपापाशी गेली. पण त्या दिवशी तिने पुढं गहू पाखडले नाहीत. सूप मांडीवर घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून आली. "लाव ते," म्हणाली. तिसऱ्या दिवशीही आली. मग रोजच. जेवणं आवरली, बाबा ओट्यावर पडले, की ती खुर्चीत येऊन बसायची. एकही गोटा मारायची नाही. थोडे ठिपके अडवायची, मग कोपऱ्याकडे ढाल करून बसायची, आणि गोल विझला की म्हणायची, परत लाव.

मंजुश्रीने आधी कामाच्या डोक्याने विचार केला. हाताची ठेवण असेल, नजरेचं काही असेल. तिने ठिपक्यांच्या दिशा बदलल्या, गोल मधून उचलून बाजूला ठेवला. काही फरक पडला नाही. आईचा हात त्याच कोपऱ्याकडे जायचा. तिच्या कपाळावर घाम यायचा, पंखा चालू असूनसुद्धा.

शेवटी मंजुश्रीने नियम मोडला. "आई, तिकडून कोनीच येत नाही. तू ढाल तिकडं काऊन धरतं?"

बनाबाईने पडद्यावरून नजर काढली नाही. "तुह्या ढालीले लागून ते मरत नाही," ती म्हणाली. "तिथून फिरतेत अन् तिकडं जातेत."

"कोन?"

"हे." तिने ठिपक्यांकडे बोट केलं. मग बोट सरकवत कोपऱ्यावर नेलं. "मी इथं अडवलं की तिथं जाऊन बसतेत सारे. अन् तुही ढाल तिथवर जात नाही. मी किती ओढली. जातच नाही."

"तिथं काय हाय आई?"

"तो उभा राह्यते ना तिथं," बनाबाई म्हणाली.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात चाचणीचे आकडे दाखवणारी एक काळी पट्टी होती, बाकी काही नव्हतं. तिने आईला चहा ठेवायला पाठवलं, पट्टी काढून टाकली आणि खेळ पुन्हा चालू करून स्वतः बसली. ढालीने ठिपके अडवत गेली.

आई खरं सांगत होती. ढालीला आपटलेला प्रत्येक ठिपका थोडा मागे उडायचा, वळायचा, आणि सावकाश डाव्या कोपऱ्याकडे निघायचा. तिथं त्यांचं काळं पुंजकं जमलं होतं, रिकाम्या जमिनीवर, एकमेकांवर चढत, हलत. ती जितकं स्वतःला वाचवत होती तितकं ते पुंजकं दाट होत होतं. आजवर काळ्या पट्टीवर काळे ठिपके तिला दिसलेच नव्हते. आईला दिसले होते.

कारण सापडायला वेळ लागला नाही. तिचीच चूक होती. ढालीला लागल्यावर ठिपक्याचं लक्ष्य पुसलं जायचं, पण ठिपका पुसायचा राहून गेला होता. लक्ष्य हरवलेला ठिपका शून्याकडे जातो, आणि तिच्या मांडणीत शून्य म्हणजे पडद्याचा तो कोपरा. कोडमधल्या एका ओळीचं काम होतं. तिने ती ओळ लिहिली. आता अडवलेला ठिपका जागच्या जागी नाहीसा होऊ लागला. तिला हायसं वाटलं. उद्या आई बसेल तेव्हा कोपरा रिकामा असेल, आणि हे थांबेल.

दुसऱ्या दिवशी बनाबाई बसली. ठिपके आले, ढालीला लागले, नाहीसे झाले. ती कोपऱ्याकडे बघत राहिली. मग पडद्याच्या चारी कडांवरून तिने हळूहळू नजर फिरवली.

"आज ते तिकडं नाही गेले."

"दुरुस्त केलं मी आई. चुकलं होतं. आता ढालीले लागले की मरतेत ते."

"अशे मरतेत का ते," बनाबाई म्हणाली. मग आई पुन्हा म्हणाली, "दिसत नाही म्हून गेले असं नाही, बाई. अन् तो कुठं गेला मंग?"

त्या दुपारी ती उठली तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. जानराव ओट्यावरून हे रोज बघत-ऐकत होते. त्यांनी उठून पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातात दिला.

आता मंजुश्रीला स्वतःला काम जड जाऊ लागलं. भर दुपारी, रस्त्यावर जीपवाले गिऱ्हाईकाला हाका मारत असताना, ती ठिपके नाहीसे होताना बघायची आणि तिला वाटायचं, कुठं जाताहेत हे? ओळ तिनेच लिहिली होती. ठिपके कुठंच जात नव्हते. तरी खेळताना तिचा हात डावीकडे ओढ घ्यायचा. कोपऱ्याकडे सरळ बघितलं तर नुसती करडी जमीन. नेम दुसरीकडे असला, नजर दुसरीकडे असली, की तिथं कोणीतरी वाट बघत उभं आहे असं वाटायचं. दुपारी एकदा तिने लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली.

बनाबाई भाकरी थापत होती. थापता थापता तिने सांगितलं. मंजुश्रीने विचारलं नव्हतं.

"तू माह्या पोटाखाली होती. तो हाताभरावर. मी त्याले म्हनलं, खाली बस, डोकं खाली घाल, हलू नको. हलत्या मानसाच्या मांगं माशा लागतेत म्हनतेत ना. तो बसला. बाकीचे वावरातले सारे नाल्याकडं पळाले, पान्यात पडले. वाचले. तो माह्या शब्दावर बसला." तिने भाकरी तव्यावर टाकली. "माह्या अंगावरून उठायच्या अन् त्याच्यावर जायच्या. मी लुगड्यातून पाहून राह्यलती. हात लांब केला त पुरेना. हात लांब करावं त तू उघडी पडे."

मंजुश्रीने आईच्या पाठीवर हात ठेवला. आईची पाठ ताठ होती.

दोन-तीन दिवस तिने टेबलाला हात लावला नाही. मग बसली तेव्हा तिच्या डोक्यात आईचं ते वाक्य होतं, ढाल तिथवर जात नाही म्हणून. ढाल गोलाला चिकटलेलीच का असावी? तिने ढाल सुटी केली. उजवं बटण दाबून ढाल ओढायची, हवी तिथं न्यायची, बटण सोडायचं. ढाल तिथंच उभी राहते. मग माऊस मोकळा, नेम मोकळा. तिने धम्मशीलाला बोलावलं. धम्मशीलाने न सांगता ढाल ओढली, पाठीशी रोवली आणि समोर गोटे मारत सुटली.

"हाव, आता जमते," ती म्हणाली.

हर्षलला पाठवलं. त्याचा संध्याकाळी फोन आला. "हेच पाहिजे होतं. इतके दिवस आपण उगाच डोकं फोडत होतो. कुठून सुचलं?"

"आई बसली होती खेळायला," मंजुश्री म्हणाली.

एक गोष्ट तिने हर्षलला पाठवली नाही. घरच्यासाठी वेगळी प्रत करून तिने डाव्या कोपऱ्यात एक लहान पांढरा गोल ठेवला. आईला वाचवू दे, असं तिला वाटलं. एकदा वाचवलं की आईचा जीव शांत होईल.

बनाबाईने तो लहान गोल बघितला आणि कोण म्हणून विचारलं नाही. ढाल ओढली, कोपऱ्यात त्याच्यापुढं नेली आणि बटण सोडलं. ढाल तिथं उभी राहिली. बनाबाईने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. ठिपके मधल्या मोठ्या गोलाला लागू लागले. गोटा मारायला डावं बटण होतं, हात मोकळा होता, पण तिने काही केलं नाही. मोठा गोल फिका होत गेला. तिचा चेहरा इतका निवांत मंजुश्रीने कधी पाहिला नव्हता.

"परत लाव," बनाबाई म्हणाली.

आता हे रोजचं झालं. आई यायची, ढाल त्याच्यापुढं ठेवायची, हात मांडीवर घ्यायची आणि स्वतःला विझू द्यायची. मंजुश्रीला ते बघवेना. "आई, मार ना त्यायले, तुले बी वाचता येते," ती एकदा म्हणाली. बनाबाईने ऐकलं नसावं. ती हळूहळू कमी जेवू लागली. दुपार व्हायची वाट बघू लागली.

एके दिवशी जानराव आत आले. ते कधी या टेबलाजवळ फिरकत नसत. बनाबाईच्या मागे उभं राहून त्यांनी सगळा खेळ पाहिला. गोल विझला.

"मंजूची माय," ते म्हणाले, "तो उभा नव्हता. बसला होता. मी उचलला त्याले."

बनाबाईने मान वळवली नाही. "मले माहीत हाय. मीच बसवला."

"मले बी माहीत हाय."

"तुमाले कोनं सांगितलं?"

जानरावांनी खाट ओढून घेतली आणि तिच्यावर बसले. "त्यानंच."

बनाबाई सावकाश त्यांच्याकडे वळली. त्या दिवशी तिला शुद्ध नव्हती. तिला दुसऱ्या गाडीने नेलं होतं. संघर्ष वावरातच गेला असं तिने इतकी वर्षं धरलं होतं, आणि कोणी ते खोडलं नव्हतं.

"बोलला तो?"

"जीपमधी बोलला. माह्या मांडीवर होता."

"काय म्हनला?"

जानरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हने, बाबा, मी हललो नाही. आईनं सांगतलं तसा बसलो. दोनदा म्हनला. म्हून मी तुले नाही सांगतलं. कसं सांगू?"

बनाबाई रडली नाही. मंजुश्री उठून तिच्याजवळ गेली, पण तिने हाताने तिला बाजूला केलं. तिला जानरावांचं तोंड बघायचं होतं.

"अजून काय म्हनला?"

"पानी मांगलं."

"देल्लं?"

"देल्लं. थोडंसं पेला."

"अजून?"

"मंजू रडून राह्यली का, असं इचारलं. मी म्हनलं, नाही, ती आईपाशी हाय."

बनाबाईने पुन्हा विचारलं, अजून. जानराव आठवून आठवून सांगत राहिले. जीप कोणाची होती, वाटेत कोण कोण भेटलं, त्याच्या अंगात कोणता सदरा होता. सदऱ्यावरून दोघांचं जुळलं नाही. ते निळा म्हणाले, ती म्हणाली चौकडीचा, सकाळी मीच घातला. ऊन उतरेपर्यंत दोघं बोलत होती. चहा करून मंजुश्रीने दोघांपुढं ठेवला तो तसाच निवला.

त्यानंतर बनाबाई टेबलाकडे आली नाही. दुपारी ती ओट्यावर जाऊन बसायची आणि जानरावांना तेच विचारायची, पहिल्यापासून. तिला बरं वाटत होतं असं मंजुश्रीला म्हणता आलं नसतं. कधी ऐकता ऐकता ती उठून आत जायची आणि बराच वेळ न्हाणीचं दार लावून बसायची. पण परत येऊन पुढचं विचारायची. मंजुश्रीने घरची प्रत पुसून टाकली. पुण्याला पाठवलेला गेम पुढं गेला, चित्रं आली, ठिपक्यांच्या जागी भालेकरी आले. ते काम आता दुसऱ्यांच्या हातात होतं.

बनाबाईने एकदा विचारलं, तो कुठं बोलायचा थांबला? जानराव म्हणाले, बुलडाण्याच्या रस्त्यावर, एका वळणावर, कडुनिंबं होती तिथं. मग तिने तिथं जायचा हट्टच धरला. एका सकाळी तिघं जीपने निघाली. जानरावांनी मधेच थांबवायला सांगितलं आणि उतरले. रस्ता मध्यंतरी रुंद झाला होता. कडुनिंबं गेली होती, वळणही पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. जानराव थोडे पुढे गेले, परत मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"इथंच होतं इथंकुठं," ते म्हणाले. "नक्की सांगता नाही येत."

बनाबाईने दोन्हीकडे बघितलं. रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता. ती त्याच्या पायथ्याशी बसली. पदर डोक्यावर घेतला, डोकं खाली घातलं, आणि हलली नाही. जानराव तिच्याशेजारी बसले. मंजुश्री जरा बाजूला उभी राहिली.

बुलडाण्याकडे जाणारी एक जीप हळू झाली. ड्रायव्हरने बाहेर डोकं काढून विचारलं, यायचं का. जानरावांनी हाताने नाही म्हटलं. थोड्या वेळाने दुसरी आली. तिलाही त्यांनी तसंच सांगितलं.